खान्देशच्या उन्हात ग्लायकॉल चिलर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यातून आणि इथून परदेशी गेलेल्या मंडळींकडून, बिअर-कोम्बुचासारखी पेयं आंबवताना टाकी गार ठेवण्याबद्दल हे प्रश्न फिरून फिरून येतात. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. हिशेब २० लिटरच्या घाण्यासाठी आणि ३० लिटरच्या स्टीलच्या टाकीसाठी मांडले आहेत. तुमची टाकी मोठी असेल तर आकडे त्या प्रमाणात वाढवून घ्या.

१. ग्लायकॉल चिलर म्हणजे नेमकं काय? फ्रिजमध्ये आणि त्यात फरक काय?

कॉम्प्रेसर, कंडेन्सर, गॅस सगळं फ्रिजसारखंच. फरक एवढाच की फ्रिज हवा थंड करतो आणि चिलर एका टाकीतलं ग्लायकॉल-पाण्याचं मिश्रण थंड करतो. हे मिश्रण शून्याखाली गेलं तरी गोठत नाही. पंप ते नळीतून फर्मेंटरच्या (आंबवण्याच्या टाकीच्या) कॉइलमध्ये किंवा जॅकेटमध्ये फिरवतो. फर्मेंटरवरच्या कंट्रोलरला थंडावा हवा असेल तेव्हा पंप चालू होतो, तापमान जागेवर आलं की बंद. चिलरचा कॉम्प्रेसर मात्र स्वतःच्या टाकीचं तापमान बघून चालतो, फर्मेंटरशी त्याचा थेट संबंध नसतो. हे दोन वेगळे कंट्रोल आहेत एवढं लक्षात ठेवलं तर पुढची निम्मी उत्तरं सोपी जातील.

२. महाराष्ट्रात घरी बिअर करायला परवानगी आहे का?

नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे आणि घरच्यापुरती थोडी केली म्हणून सूट मिळत नाही. पिण्याचा परवाना खिशात असला तरी त्यात बनवण्याचा हक्क येत नाही. अमेरिकेत १९७८ च्या केंद्रीय कायद्यानंतर घरगुती बिअर मोकळी झाली, ब्रिटनमध्ये त्याआधी १९६३ मध्ये. त्यामुळे इथली उत्तरं तिघांसाठी आहेत: परदेशात कायदेशीरपणे घरी ब्रू करणारे आपले लोक, इथले परवानाधारक छोटे उत्पादक, आणि कोम्बुचासारखी आंबवलेली पेयं करणारे. भट्टीच्या कामासाठी चिलर लावायचा असेल तर ते आम्हाला विचारू नका.

३. यीस्टला ऊब आवडते ना? मग थंड कशाला करायचं?

ऊब आवडते म्हणूनच आवरावं लागतं. बिअरचे दोन मुख्य प्रकार म्हणजे एल आणि लागर. साधं एल यीस्ट १८ ते २२ अंशांत आणि लागर यीस्ट ९ ते १३ अंशांत नीट काम करतं. त्याच्या वर गेलं की काम झपाट्याने उरकतं, पण फ्यूजेल अल्कोहोल वाढतं, घशाला जळजळ होते आणि एस्टरचा वास चढतो. त्यातलं आयसोअमाइल अॅसिटेट म्हणजे पिकल्या केळ्याचा वास. रावेर-यावलच्या माणसाला केळ्याचं वावडं नसतं, पण ते घडात शोभतं, ग्लासात नाही. गव्हाच्या जर्मन बिअरमध्ये तो वास मुद्दाम ठेवतात, पण तिथेही तापमान सांभाळूनच.

सगळ्यात महत्त्वाचे पहिले तीन दिवस. तेव्हा तापमान हललं तर नंतर कितीही थंड करा, चव परत येत नाही.

४. मला किती क्षमतेचा चिलर लागेल?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बहुतेक जण हिशेब चुकीच्या टोकापासून सुरू करतात. त्यांना वाटतं, यीस्ट खूप उष्णता सोडतं आणि ती काढायला चिलर हवा. आकडे वेगळंच सांगतात.

१.०५० घनतेच्या २० लिटर वर्टमध्ये (बिअर होण्याआधीचा धान्याचा गोड काढा) साधारण २.६ किलो घन पदार्थ विरघळलेला असतो. त्यातला सुमारे १.७ किलो यीस्ट खातं. एका किलोमागे साधारण ५८७ किलोज्यूल उष्णता निघते, म्हणजे सगळी मिळून हजार किलोज्यूलच्या आसपास. ती चार दिवसांत पसरली तर सरासरी तीनेक वॅट, ऐन भरात १० ते १५ वॅट.

आता बाहेरचं बघा. टाकी उघडी, खोलीत ४२ अंश, आत १९ अंश. ३० लिटरच्या टाकीचा पृष्ठभाग सुमारे ०.६ चौरस मीटर. तेवढ्यातून शंभर-एकशे दहा वॅट उष्णता आत शिरते. याच टाकीला १९ मिलिमीटरचा काळा नायट्राइल फोम सगळीकडून गुंडाळला की तीच गळती वीसेक वॅटवर येते. तुमची लढाई यीस्टशी नाही, मे महिन्याशी आहे. अर्धा एचपी जास्त घेण्याआधी फोमवर खर्च करा.

फोम लावल्यावर मोठी मागणी दोनच वेळा येते. पहिली, वर्ट उकळून टाकीत घेताना. छतावरच्या टाकीचं पाणी उन्हाळ्यात इतकं तापलेलं असतं की कॉइलमधून काढून वर्ट ३८ अंशांच्या खाली जात नाही. तिथून १९ वर आणायला जवळपास १,६०० किलोज्यूल काढावे लागतात, म्हणजे चार तासांत उरकायचं तर ११० वॅट. दुसरी वेळ शेवटी, बिअर २० वरून २ अंशांवर नेताना. तिथे १,५०० किलोज्यूल, पण बारा तास दिले तर ३५ वॅटच.

एका टाकीची बेरीज करा: वर्ट थंड करायला ११०, फोममधली गळती २०, नळ्या १५, पंपाची स्वतःची उष्णता १५ ते २०. म्हणजे १६० ते १७० वॅट. दोन टाक्या असतील आणि एकीत वर्ट घेताना दुसरी आंबत असेल तर २५० धरा. त्यावर दीडपट मोकळीक ठेवा. दोन टाक्यांना ४०० वॅट खरे मिळाले की काम होतं. "खरे" या शब्दात काय काय येतं ते पुढच्या उत्तरात.

५. विक्रेता म्हणतो एक-तृतीयांश एचपी पुरे. मे महिन्यात तो पुरेल का?

एचपी हे कॉम्प्रेसरच्या मोटरचं माप आहे, थंडाव्याचं नाही. विक्रेत्याला दोन आकडे विचारा: किती वॅट थंडावा, आणि तो बाहेर किती अंश व ग्लायकॉल किती अंश असताना. ७ अंशांचं पाणी देतानाची क्षमता छापलेली असेल आणि तुम्हाला उणे ३ चं ग्लायकॉल हवं असेल, तर साधारण तिसरा हिस्सा तिथेच गळाला. बाहेरचं तापमान ३२ ऐवजी ४३ असेल तर आणखी एक वाटा गेला. त्यामुळे खरे ४०० वॅट हवे असतील तर कागदावर ७०० ते ८०० वॅटचं यंत्र बघावं लागतं.

अजून एक गोष्ट. घरगुती फ्रिज-फ्रीझरना हवामानाचे वर्ग असतात. त्यातला सगळ्यात उष्ण वर्ग टी, म्हणजे १६ ते ४३ अंश. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४४-४५ च्या घरात जातो, आणि पत्र्याच्या शेडखाली त्याहून वर. म्हणजे सगळ्यात कणखर वर्गाचं यंत्रसुद्धा आपल्याकडे दुपारी त्याच्या हद्दीबाहेर चालत असतं. आयात केलेल्या यंत्रावर एन वर्ग लिहिला असेल तर त्याची हद्द ३२ अंशांची आहे. ते इथे मार्चमध्येच दमेल.

यंत्र एकही आकडा लिहून देत नसेल तर ते घेऊ नका, मग कितीही चकचकीत असो.

६. माझ्याकडे एकच टाकी आहे. चिलर घेऊ का?

घेऊ नका. जुना फ्रिज किंवा आडवा डीप फ्रीझर घ्या, टाकी थेट आत ठेवा आणि बाहेरून तापमान कंट्रोलर लावा. इंकबर्ड आयटीसी-३०८ सारखा तयार मिळतो, नाहीतर एसटीसी-१००० आणून इलेक्ट्रिशियनकडून डब्यात बसवून घ्या. एका टाकीसाठी यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचा उपाय नाही. चिलरचा फायदा तेव्हा सुरू होतो जेव्हा दोन किंवा जास्त टाक्या वेगवेगळ्या तापमानावर ठेवायच्या असतात, किंवा टाकी फ्रिजमध्ये मावत नाही.

७. डीप फ्रीझरमध्ये ग्लायकॉलची बादली ठेवून पंप लावला तर?

चालतं, पण एकाच फोम लावलेल्या टाकीपुरतं. फ्रीझरची उष्णता ओढण्याची ताकद मुळात थोडी, त्यात बादलीपर्यंत थंडावा हवेतून पोचायचा, म्हणजे आणखी हळू. आंबताना ६० वॅटची मागणी तो कशीबशी सांभाळेल. वर्ट ३८ वरून १९ वर आणताना हात टेकेल. आदल्या रात्रीपासून बादली गार करून ठेवली तर तेवढा साठा कामी येतो.

८. जुना विंडो एसी मोडून चिलर करता येतो असं ऐकलंय. खरं का?

खरं आहे आणि जगभर लोक करतात. एसीचं आतलं कॉइल नळ्या न कापता अलगद वाकवून ग्लायकॉलच्या टाकीत बुडवतात आणि एसीचा थर्मोस्टॅट बाजूला ठेवून वेगळा कंट्रोलर लावतात. एक टन म्हणजे ३,५१७ वॅट, तेव्हा क्षमतेचा प्रश्न मिटतो. उलट ती जास्तच होते. छोट्या टाकीत असा एसी दोन मिनिटांत थांबतो, परत सुरू होतो, परत थांबतो, आणि कॉम्प्रेसर मरतो. म्हणून मिश्रण किमान ६० लिटर ठेवा, चालू-बंदमधला फरक तीन अंशांचा ठेवा आणि कंट्रोलरवर कॉम्प्रेसरला तीन ते पाच मिनिटांची विश्रांती लावा.

आधी एसीच्या पाटीवर गॅस बघा. आर-२२ किंवा आर-४१०ए असेल तर पुढे जा. आर-३२ किंवा आर-२९० असेल तर थांबा. आर-२९० म्हणजे प्रोपेन, घरच्या सिलिंडरचाच भाऊबंद, आणि आर-३२ सुद्धा पेट घेऊ शकतो. असं कॉइल वाकवताना नळीला चीर गेली तर बंद खोलीत काय होईल ते सांगायला नको. हे काम चांगल्या एसी मेकॅनिककडून करून घ्या. त्याला एवढंच सांगा की ब्रेझिंगची टॉर्च काढायची वेळ येता कामा नये.

९. ग्लायकॉल कोणतं घ्यायचं? गाडीचं कूलंट चालेल का?

गाडीचं कूलंट अजिबात नाही. ते बहुधा इथिलीन ग्लायकॉल असतं आणि विषारी असतं. कॉइलला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तरी ते पेयात उतरेल. आपल्याला हवं प्रॉपिलीन ग्लायकॉल, तेही खाद्य दर्जाचं किंवा यूएसपी (औषधी) ग्रेडचं. सुटं, कॅनमध्ये ओतून दिलेलं घेऊ नका. सीलबंद कॅन आणि त्याच्या बॅचचं विश्लेषण प्रमाणपत्र मागा. ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गांबियातल्या खोकल्याच्या औषधांबद्दल इशारा दिला होता, तो डायइथिलीन आणि इथिलीन ग्लायकॉल सापडल्यामुळेच. दिसायला सगळी सारखीच असतात: पाण्यासारखी, किंचित गोडसर, चिकट.

१०. प्रमाण किती? जास्त घातलं तर जास्त थंड होईल ना?

उलट होतं. ग्लायकॉल वाढवलं की मिश्रण घट्ट होतं, पंपाला जड जातं आणि उष्णता वाहून नेण्याची ताकद घटते. आकारमानाने ३० ते ३५ टक्के पुरे. ३० टक्क्यांना गोठणबिंदू उणे १३ च्या आसपास येतो. ग्लायकॉल उणे ३ ला ठेवायचं असताना एवढं खाली कशाला, असं विचाराल. चिलरच्या आतलं कॉइल मिश्रणापेक्षा सहा-सात अंशांनी जास्त गार असतं. मिश्रण पातळ असेल तर बर्फ आधी तिथे धरतो, आणि बर्फाचा थर म्हणजे पुन्हा इन्सुलेशन.

२० टक्क्यांच्या खालीही जाऊ नका, पातळ मिश्रणात जंतू वाढतात आणि बुळबुळीत थर धरतो. चिलरच्या २० लिटरच्या टाकीत ६ ते ७ लिटर ग्लायकॉल, बाकी पाणी. वर्षातून एकदा रिफ्रॅक्टोमीटरने तपासा. त्यावर ग्लायकॉलची पट्टी असावी, फक्त ब्रिक्सची (साखरेची) असेल तर सरळ वाचता येणार नाही.

११. पाणी बोअरचं चालेल?

नको. आपल्याकडचं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं, क्षार कॉइलवर बसतात. आरओचं किंवा बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी वापरा. एकदाच भरायचं आहे.

१२. ग्लायकॉल किती अंशांवर ठेवू? सगळे उणे ४ सांगतात.

उणे ४ तेव्हा, जेव्हा बिअर २ अंशांवर न्यायची असते. १९ अंशांवर एल आंबत असताना ग्लायकॉल अधिक ४ अंशांवर असलं तरी भरपूर झालं. उन्हाळ्यात हा फरक फार मोठा ठरतो. ग्लायकॉल जितकं उबदार तितकी त्याच कॉम्प्रेसरची क्षमता जास्त आणि वीज कमी, शिवाय नळ्यांवर पाणी कमी सुटतं. एप्रिल-मे महिन्यांत आमचा सल्ला असा: आंबताना अधिक ४, क्रॅश (बिअर शेवटी २ अंशांवर नेणं) करायच्या दिवशी संध्याकाळी उणे ३ लावा आणि क्रॅश रात्री करा. दुपारी दोन वाजता क्रॅश सुरू करणाऱ्याची तक्रार आम्ही ऐकून घेतो, पण चिलरला दोष देत नाही.

१३. क्रॅश करताना टाकीत बर्फ झाला. चिलर खराब आहे का?

बहुधा नाही. सेन्सर कुठे आहे ते बघा. तो टाकीच्या बाहेर उघडा चिकटवला असेल तर त्याला खोलीची हवा लागते, तो आतलं तापमान जास्त दाखवतो आणि पंप थांबतच नाही. थर्मोवेल (टाकीत शिरणारी, सेन्सरसाठीची बंद नळी) असेल तर सेन्सर त्यात घाला, नसेल तर भिंतीला टेकवून वरून फोमचा जाड तुकडा बांधा. लक्ष्य २ अंशांच्या खाली ठेवू नका. तीन-चार अंशांच्या खाली गार द्रव तळाशी न जाता वर थांबायला लागतो, मिसळणं मंदावतं आणि कॉइलभोवती थर गोठतो.

१४. एका चिलरवर तीन टाक्या कशा जोडायच्या?

प्रत्येक टाकीला स्वतःचा पंप आणि स्वतःचा कंट्रोलर. तिन्ही पंप ग्लायकॉलच्या एकाच टाकीत बुडवायचे, नळ्या वेगळ्या. एकातून दुसरीत, दुसरीतून तिसरीत अशी माळ लावू नका, शेवटचीला उरलंसुरलं मिळतं.

डेझर्ट कूलरचा पंप लोक वापरतात आणि छोट्या मांडणीत तो चालतोही. मात्र तो दीड-दोन मीटरच्या वर चढवू शकत नाही, आणि त्याचे सगळे वॅट उष्णता होऊन ग्लायकॉलमध्येच जातात. म्हणून ४० वॅटचा न घेता १८ वॅटचा घ्या आणि चिलर टाक्यांच्या उंचीलाच ठेवा. नळ्या आखूड ठेवा आणि त्यांनाही फोम चढवा. उघडी नळी मे महिन्यात मीटरमागे दहा-पंधरा वॅट खाते, वर खाली थेंब गळतात ते वेगळे.

१५. चिलर कुठे ठेवू? खोलीत डेझर्ट कूलर चालू असतो, तो चालेल?

एप्रिल-मे महिन्यांत याहून चांगली जागा नाही. आपला उन्हाळा कोरडा असतो, बाहेर ४३ अंश असले तरी चांगला कूलर २७-२८ अंशांची हवा देतो. कंडेन्सरला ती मिळाली की प्रश्न ५ मधली अर्धी घट भरून निघते. खिडकी उघडी ठेवा, नाहीतर चिलरने बाहेर टाकलेली उष्णता आणि कूलरची ओल दोन्ही खोलीतच कोंडतात. कूलरचा झोत थेट इलेक्ट्रिकच्या डब्यावर येऊ देऊ नका. जुलैत हवा दमट झाली की कूलर निकामी, पण तेव्हा बाहेरचा पाराही उतरलेला असतो.

सगळ्यात वाईट जागा गच्चीवरची पत्र्याची खोली. दुसऱ्या नंबरची वाईट जागा जिनिंगच्या बाजूची. कापसाचा हंगाम सुरू झाला की तंतू कंडेन्सरच्या पत्र्यांत गोधडीसारखे बसतात. महिन्यातून एकदा ब्लोअर मारा.

१६. लाइट गेली तर?

टाकीला फोम असेल तर घाबरू नका. आंबणारी टाकी तासाला सव्वा अंशाने तापेल. उघडी असेल तर सुरुवातीला तासाला पाच अंश, आणि मग घाबरायला हरकत नाही.

ग्लायकॉलचा साठा ही तुमची थंडाव्याची बॅटरी आहे. २० लिटर मिश्रण उणे ३ वरून अधिक १० पर्यंत तापेस्तोवर हजारेक किलोज्यूल शोषतं. ६० वॅटच्या मागणीला ते चार-साडेचार तास पुरतं. त्यासाठी इन्व्हर्टरवर फक्त पंप आणि टाकीचा कंट्रोलर ठेवा, कॉम्प्रेसर नाही. कॉम्प्रेसर सुरू होताना चालू प्रवाहाच्या कित्येक पट करंट ओढतो, घरचा इन्व्हर्टर तिथे बसतो. भारनियमनाचं वेळापत्रक माहीत असेल तर लाइट जाण्याआधी दोन तास ग्लायकॉल खाली उतरवून ठेवा. प्रश्न १२ मधल्या अधिक ४ ला हा एक अपवाद.

संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर स्टॅबिलायझर लावाच, आणि तो लाइट परत आल्यावर तीन मिनिटं थांबणारा असावा.

१७. भाचा अमेरिकेतून येतोय. तिथला चिलर मागवू का?

तिथली यंत्रं ११०-१२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही. ५० हर्ट्झवर मोटर सहाव्या हिश्श्याने हळू फिरते आणि तापते. पाटीवर ५०/६० असं लिहिलेलं नसेल तर नको. भाच्याला कंट्रोलर, थर्मोवेल आणि फिटिंग आणायला सांगा.

१८. कोम्बुचासाठी चिलर लागेल का?

कोम्बुचाला २४ ते २९ अंश हवेत. त्यासाठी ग्लायकॉल चिलर म्हणजे उगाच खर्च, बरणी पाण्याच्या टबात ठेवून कूलरच्या खोलीत ठेवली तरी भागतं. मोठ्या टाकीत विक्रीसाठी करत असाल तर चिलर घ्या, पण कॉइल स्टीलचं हवं. कोम्बुचा चांगलाच आंबट असतो, तांबं त्यात उतरतं. आणि अल्कोहोल ०.५ टक्क्याच्या वर गेलं की ते अन्नसुरक्षा नियमांत मद्यार्कयुक्त पेयात मोडतं, मग प्रश्न २ लागू होतो. बाटली भरल्यावर गार ठेवण्याचं हेही एक कारण.

१९. हिवाळ्यात चिलर बंद ठेवला तर चालेल ना?

डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा एल यीस्ट झोपतं. तेव्हा लागते ती ऊब. टाकीला हीटिंग बेल्ट बांधून कंट्रोलरच्या हीटिंगच्या सॉकेटला लावा. थंड आणि गरम यांत किमान एक अंशाचं अंतर ठेवा, नाहीतर दोघं रात्रभर एकमेकांशी भांडतात आणि बिल तुम्ही भरता. चिलर आठवड्यातून अर्धा तास चालवून ठेवा.

२०. क्वाइक यीस्ट ३५ अंशांनाही चालतं म्हणतात. मग चिलरची गरजच काय?

नॉर्वेचं हे यीस्ट ३० ते ४० अंशांत स्वच्छ काम करतं, हे खरं. ऑक्टोबर ते मार्च तुमचं काम त्यावर निघेल, थंडीत मात्र प्रश्न १९ मधला हीटिंग बेल्ट लागेल. मे महिन्यात मात्र खोलीच ४२ ची, त्यात यीस्टची स्वतःची उष्णता, म्हणजे तेही हद्दीबाहेर जातं. तेव्हा फोम, पाण्याचा टब आणि कूलर एवढ्यावर ३५ च्या आसपास रोखता येतं. लागर यातून होणार नाही, आणि शेवटी गार करून गाळ बसवायचा तर फ्रिज किंवा चिलर लागतोच. क्वाइक वापरणाऱ्याने चिलरऐवजी प्रश्न ६ मधला जुना फ्रिज घ्यावा.